फुलीवाली तबकडी

माझ्या ताईचे यजमान वजनकाटे दुरुस्त करतात. किराणा दुकानं, धान्याची गोदामं, औषधांचा कारखाना, टपाल कचेरी, सगळीकडे त्यांची फेरी असते. जाड पट्ट्याची एक पेटी, तिच्यात मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं, आणि वजनाला बोटांचा घाम लागू नये म्हणून एक चिमटा. कुणाचा काटा किती खोटं बोलतो हे ते दोन मिनिटांत सांगतात. बाजारात त्यांना सगळे ‘काटेकोर’ म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात, आणि भाऊजींना ते मनातून आवडतं.

त्यांच्या धंद्यातला एक नियम मी त्यांच्या लग्नापासून ऐकत आले आहे. काटा चुकतोय असं वाटलं की आधी पेटीतलं आपलं वजन तपासायचं, मग काट्याला बोल लावायचा. या माणसाने हा नियम बाहेर कधी मोडला नाही आणि घरात सहा वर्षं पाळला नाही. त्याचीच ही गोष्ट. सांगताना माझा आवाज चढेल. चढू दे.

भाऊजींना दुसरं वेड एकच, घरी बसून चांगलं संगीत ऐकायचं. चांगलं म्हणजे चांगलं गायलेलं नव्हे हं, चांगलं ध्वनिमुद्रित केलेलं. त्यांच्या पुढच्या खोलीत कपाटाएवढे दोन स्पीकर आहेत. मध्ये काचेच्या नळ्यांचा अँप्लिफायर, जो वीस मिनिटं तापल्याशिवाय बोलायला तयार नसतो. तबकडीचं यंत्र दगडी लादीवर, म्हणजे कुणी चाललं तरी सुईला धक्का लागू नये. आणि समोर एक खुर्ची. एकच. तिच्या चारी पायांखाली फरशीवर रंगाचे ठिपके मारलेले आहेत, केर काढताना सरकली तर परत नेमकी तिथेच ठेवता यावी म्हणून. त्या खोलीत खरं ऐकण्याची जागा तेवढीच, असं भाऊजींचं म्हणणं. आम्ही बाकीचे भिंतीकडच्या बाकावर बसतो आणि चुकीचं ऐकतो.

एवढा सरंजाम, आणि वरच्या फळीवर तबकड्या किती, तर एकतीस. कारण परीक्षा फार कडक. जिथे मिळेल तिथून ते जुन्या तबकड्या आणायचे. कव्हराच्या मागची मुंगीएवढी अक्षरं वाचायचे, कुठल्या सभागृहात मुद्रण झालं, माइक किती लावले, यंत्रावर कोण बसलं होतं. तबकडी खिडकीपाशी तिरकी धरून चरे बघायचे. मग डोळे मिटून खुर्चीत. “आधी खोली ऐकू आली पाहिजे,” ते सांगायचे, “मग गाणं.” व्हायोलिनवाला कुठे बसलाय, पियानोवाल्याचं स्टूल कुरकुरलं का, गाणारी बाई माइकपासून किती लांब आहे, हे सगळं डोळे मिटून दिसलं पाहिजे. त्याला त्यांचा एक ठरलेला शब्द होता, जागा. आवाजांना जागा असेल तर तबकडी वरच्या फळीवर. नसेल तर कव्हराच्या मागे पेन्सिलीने फुली, फुलीशेजारी शेरा, आणि वर्षाअखेरीच्या छाटणीत खोक्यात भरून जुन्या पुस्तकांच्या दुकानात.

“बरं झालं, मला बघायला आलात तेव्हा तुमच्याकडे पेन्सिल नव्हती,” असं ताई त्यांना चिडवायची.

ताई गायची. एकटी नव्हे, वृंदगानात. बावीस जणांचं मंडळ होतं, आठवड्यातून दोनदा तालीम. लग्नाच्या दोन वर्षं आधी एका शाळेच्या सभागृहात त्यांचं मुद्रण झालं. मी तेव्हा अकरा वर्षांची. मागच्या बाकावर खोकला दाबून बसले होते, आणि अजून मला तो एकुलता एक खांब आठवतो, त्याला दोन माइक लावलेले. तिसऱ्या गाण्यात सगळे थांबतात, ताई एकटी एक ओळ म्हणते, आणि ओळीच्या शेवटी एक जागा घेते. ही जागा वेगळी, बरं का. सूर सरळ जाता जाता अचानक असं एक वळण घेतो की ऐकणाऱ्याच्या तोंडून आपोआप ‘अहा’ निघतं, ती ही गाण्यातली जागा. दोनशे तबकड्या निघाल्या होत्या. ताईला एक मिळाली.

पुढे तिने गाणं सोडलं. तेरा वर्षं झाली. घरचं होत नाही म्हणाली, आणि आम्ही सगळ्यांनी ते खरं धरलं.

आता मूळ गोष्टीवर येते. गेल्या वर्षी ताईचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणून, मग दगदग म्हणून आम्ही कानाडोळा केला. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की गाठ स्वरयंत्रात आहे आणि सगळं स्वरयंत्रच काढावं लागणार आहे. जीव वाचेल, असं डॉक्टर ठामपणे म्हणाले. आवाज जाईल, हेही तितक्याच ठामपणे म्हणाले. गुरुवारी सकाळी नऊला दाखल व्हायचं ठरलं.

आदल्या रविवारी मी त्यांच्याकडे होते. ताई चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसली होती. खरखरत्या आवाजात, एकेक शब्द वेचून म्हणाली, “एक काम करा माझं. गुरुवारी निघायच्या आत माझी तबकडी लावा. तुमच्या मशीनवर. खालच्या खणात आहे. मला एकदा ऐकायचंय मी कशी गात होते ते. म्हणजे मग... जायला हरकत नाही.”

“लावतो की,” भाऊजी म्हणाले. पण त्यांनी खणाकडे बघितलंसुद्धा नाही.

मी निघाले तेव्हा ते फाटकापर्यंत सोडायला आले. कधी येत नाहीत. तिथे खाली मान घालून म्हणाले, “ती खणात नाहीये.”

“मग कुठाय?”

“छाटणीत गेली. तेरा वर्षांपूर्वी. तिनेच एकदा लावायला सांगितली होती. मी ऐकली. आवाजांना जागाच नव्हती. तसं मी तिला म्हणालोही. मग वर्षाअखेरीला खण आवरताना...”

“ताईची आहे हे माहीत होतं?”

“होतं. पण नियम म्हणजे नियम, असं वाटलं तेव्हा.”

माझ्या डोक्यात सणक गेली. त्या नाजूक, काटेकोर कानाखाली एक सणसणीत आवाज काढावा आणि विचारावं, याला जागा आहे का, असं अगदी हातात आलं होतं. पण माणूस फाटकाची कडी नुसती लावत-काढत उभा होता. मी म्हटलं, “आत जा आणि तिला सांगून टाका.”

“आत्ता? आता सांगू तिला? चार दिवसांचा आवाज उरलाय तिचा. शोधू या. मिळाली तर लावू आणि मग सांगतो. शपथ.”

चूक माझीही आहे. मी हो म्हणाले.

सोमवारी मी शाळेच्या कार्यालयातून रजा घेतली. मी शाळेत कारकून आहे, आणि रजेच्या अर्जात ‘घरगुती कारण’ लिहिताना पहिल्यांदाच ते अक्षरशः खरं होतं. मंडळातल्या जुन्या लोकांचे पत्ते काढायला अर्धा दिवस गेला. मंडळ चालवणारे गुरुजी वारलेले. दोघं गाव सोडून गेलेले. एका बाईकडे कॅसेट होती, ती वाजवली तर आतून नुसतं पाणी उकळल्यासारखा आवाज. शेवटी ताईच्या शेजारी उभी राहणारी मैत्रीण सापडली. तिचं औषधांचं दुकान आहे. “आहे ना तबकडी!” ती म्हणाली, तेव्हा भाऊजी एकदम काउंटरला टेकले. तिने आम्हाला आतल्या खोलीत नेलं आणि भिंतीकडे बोट केलं. तबकडीच्या मध्यभागी काटे बसवून तिने घड्याळ करून घेतलं होतं. आकडे चिकटवायला कडेला बारा भोकं पाडलेली होती.

“किती छान दिसतं ना?” ती म्हणाली. घड्याळात साडेचार वाजले होते.

बाहेर आल्यावर मला हसू आवरेना. भाऊजी रागावले, मग तेही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा पुसला आणि पुढे चालू लागले.

मंगळवारी जुन्या पुस्तकांचं दुकान. तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे. जुना मालक त्याच इमारतीत वर राहतो म्हणून कळलं. म्हातारा बिछान्यात उशांना टेकून बसला होता. भाऊजींनी दोन वाक्यं बोलून व्हायच्या आत म्हणाला, “तुम्ही ते फुलीवाले!”

“मी काटे...”

“तुमच्या खोक्यांची एक जण वाट बघायचा. सलूनवाला. फुली मारलेलीच तबकडी मागायचा. बिनफुलीची दिली तर परत आणून द्यायचा. मी म्हटलं, असतात एकेक.”

सलून शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. आम्ही मंगळवारी संध्याकाळी पोचलो तर शटर बंद. पाटीवर लिहिलेलं, मंगळवार सुट्टी. भाऊजींनी शटरवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

घरी ताई काय करत होती? एकटी होती. भाऊजींनी तिला सांगितलं होतं की एका कारखान्याचा मोठा काटा अडलाय. तिने विचारलं नाही. तिच्या आवाजाचे शेवटचे दिवस, आणि आम्ही तिला घरी सोडून तिचाच आवाज शोधत रस्तोरस्ती फिरत होतो. हे मला मंगळवारी रात्री उमगलं, आणि मी जेवणाचं ताट तसंच उचलून ठेवलं.

बुधवारी भाऊजी दुपारपर्यंत अडकले. इस्पितळाचे कागद, रक्त, सह्या. तीन वाजून गेल्यावर आम्ही दोघं माझ्या स्कूटरवरून सलूनमध्ये पोचलो. तीन खुर्च्या, लांब आरसा, आणि आरशाच्या दोन्ही टोकांना लहान लहान स्पीकर. हळू आवाजात कुणीतरी बासरी वाजवत होतं. भाऊजी दारातच थबकले. कान टवकारून म्हणाले, “हा डावीकडे बसलाय. आणि खोलीचं छत लाकडी आहे.”

एका गिऱ्हाइकाच्या गालांना फेस लावत असलेला माणूस गर्रकन वळला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, हातात ब्रश. “कोण तुम्ही?”

“मी या तबकडीवर फुली मारली होती,” भाऊजी म्हणाले. “मला आत्ता आठवलं.”

सलूनवाल्याने ब्रश खाली ठेवला. गिऱ्हाईक फेसातून “अहो” म्हणालं, तिकडे त्याने बघितलंच नाही. “साहेब, तुमच्या फुलीवर माझा काय भरवसा होता! पहिली मी सहज उचलली. घरी लावली तर अहाहा. मग दुसरी, तिसरी. प्रत्येकात एकेक माणूस आपापल्या जागेवर. मी म्हटलं, हा कुणी जाणता आहे, उत्तम असेल त्यावर खूण करतो आणि जगासाठी सोडून देतो. पण मग काय झालं? अकरा वर्षांपूर्वी एकाएकी तुमची फुलीवाली तबकडी खरंच टाकाऊ निघायला लागली. एक झाली, दोन झाल्या, मग मी कानाला खडा लावला. तुमचे कान गेले का काय हो?”

भाऊजींचे ओठ हलत होते, बोटं मोजत होती. मग रिकाम्या खुर्चीत मटकन बसले.

“अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे रंगकाम झालं,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “स्पीकर हलवले. तेव्हा दिसलं, डावीकडच्याची तार उलटी जोडली होती. हे घर घेतलं तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं. मीच जोडली होती. दोन्ही पदरांचा रंग सारखाच होता त्या तारेचा.”

“म्हणजे काय?” मी विचारलं.

उत्तर सलूनवाल्याने दिलं. “म्हणजे मॅडम, एक स्पीकर ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. मध्ये उभा राहणारा आवाज पुसला जातो. कोण कुठे आहे, काही पत्ता लागत नाही. आणि जितकं मुद्रण चांगलं तितकं वाटोळं जास्त.”

“तुम्ही तार सरळ केलीत,” मी भाऊजींना म्हटलं, “मग फुल्या मारलेल्या परत मागवून ऐकल्या नाहीत?”

“नाही.”

“एकही?”

“तार गुपचूप सरळ केली. कुणाला सांगितलंही नाही.” त्यांनी आरशात स्वतःकडे बघितलं. “आधी आपलं वजन तपासायचं,” एवढंच पुटपुटले.

मला दया आली नाही. खोटं कशाला बोलू? मला फक्त घड्याळ दिसत होतं. मी सलूनवाल्याला तबकडीबद्दल विचारलं. वृंदगान, शाळेचं सभागृह, करड्या रंगाचं कव्हर. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला.

“ती? ती मी कुणाला देत नाही. तिसरं गाणं. एक बाई एकटी गाते. दुसऱ्या रांगेत, मधून जरा डावीकडे. उंचीने लहान असणार, कारण बाकीच्यांचे आवाज तिच्या वरून येतात. आणि ओळीच्या शेवटी अशी एक जागा घेते की वस्तरा हातात असेल तर थांबवावा लागतो. कोण बाई आहे कुणास ठाऊक. अजून गाते का, कुठे गाते, मी पुष्कळ विचारलं लोकांना.”

ताईची उंची माझ्या खांद्याला लागते. दुसरी रांग, अकरा जणांत डावीकडून पाचवी. हा माणूस तिला एकदाही भेटला नव्हता. आणि तिच्याबरोबर एका घरात अठ्ठावीस वर्षं राहिलेला माणूस त्याच्यासमोर खुर्चीत बसून खाली बघत होता.

“माझी बायको आहे,” भाऊजी म्हणाले. उरलेलं मी सांगितलं, गाठ, उद्या, सगळं.

सलूनवाला मागच्या दारातून आत गेला. त्याचं घर मागेच होतं. गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस सुकत आला होता, पण तेही आता गप्प बसलं होतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. ताईचा संदेश. ‘इस्पितळातून फोन आला. खाट आजच रिकामी झाली आहे. सहाला बोलावलंय. तुम्ही दोघं कुठे आहात? माझी तबकडी राहिली.’

चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

सलूनवाल्याने तबकडी भाऊजींच्या हातात दिली. “परत आणायची घाई नाही,” तो म्हणाला. भाऊजींनी कव्हर उलटं केलं आणि मलाही दिसलं. मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीची फुली, आणि शेजारी त्यांच्या रेखीव अक्षरात दोन शब्द. ‘जागा नाही.’

पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. मी स्कूटर दोन बसच्या मधून, मग एका टेम्पोच्या कडेने काढली. मागे भाऊजी तबकडी छातीशी धरून बसले होते, दोन्ही हातांनी, म्हणजे मला धरायला हात नव्हता. प्रत्येक खड्ड्याला वाटे की हे पडले, किंवा ती पडली, आणि मनात कुणाची काळजी जास्त होती ते मी सांगत नाही. पुलाच्या मध्यावर सगळंच थांबलं. पाच वाजायला वीस मिनिटं.

“माझ्या पर्समध्ये खोडरबर आहे,” मी मागे वळून म्हटलं. “फुली पुसा. शेरा पुसा. तिला कळायचं कारण नाही. तबकडी खणातच होती म्हणा.”

मी हे तिच्यासाठी म्हणत होते. पुढची बस हलली.

“काट्यावर एकदा मारलेला शिक्का खोडला तर आमच्यात परवाना जातो,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “चल तू. समोर बघ.”

घरी पोचलो तेव्हा पाचला दहा कमी होते. ताई बॅग भरून, बाहेर जायचे कपडे घालून भिंतीकडच्या बाकावर बसली होती. चुकीचं ऐकायच्या बाकावर. भाऊजींनी आधी अँप्लिफायर चालू केला.

“वीस मिनिटं,” ते म्हणाले.

“वीस मिनिटं नाहीयेत!” मी ओरडले.

“साडेपाचला निघू. आहेत.” आणि मग ते ताईसमोर जाऊन उभे राहिले आणि तबकडी, मागची बाजू वर करून, तिच्या मांडीवर ठेवली.

ताईने वाचलं. त्या खोलीत नळ्या तापतानाचा बारीक करकर आवाज तेवढा होता. भाऊजींनी सगळं सांगितलं. छाटणी, खोकं, तेरा वर्षं, घड्याळ, सलून, तार. मध्ये एकदाही ‘पण’ म्हणाले नाहीत. मी त्यांना इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

“म्हणजे,” ताईने घसा सावरला, “जागा नाही म्हणजे... आवाज कुठून येतो ते कळत नाही, असं?”

“हो. दुसरं काय?”

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू, तुटक तुटक म्हणाली, “मला वाटलं, माझी जागा. ओळीच्या शेवटची. तिथे मला श्वास कमी पडला होता त्या दिवशी. दोनशे तबकड्यांवर तसंच छापलं गेलं. आणि तुम्ही खुर्चीतून उठलात आणि म्हणालात, यात जागा नाही. मला वाटलं, यांच्या कानातून काय सुटणार. बरोबरच आहे.”

“म्हणून तू मंडळ...”

“दुसऱ्याच दिवशी सोडलं.”

तेरा वर्षं. घरचं होत नाही म्हणाली होती आणि मी, सख्खी बहीण, मान डोलावून मोकळी झाले होते.

भाऊजींचे हात जोडावेत तसे वर आले आणि अर्ध्यातच राहिले.

“तार तुमची उलटी,” ताई म्हणाली, “आणि फुली मला.” तिचा ओठ थरथरला, तो रागाने की हसू येऊन, मला अजून सांगता येत नाही. मग तिने तबकडी त्यांच्या हातात दिली. “लावा आता. वेळ जातोय.”

ती बाकावरून उठली आणि सरळ त्या खुर्चीत जाऊन बसली. त्या खुर्चीत भाऊजींशिवाय कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. भाऊजींनी तिच्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आता काहीतरी बोलणार.

“कान खाली जातोय तुझा,” ते म्हणाले. “माझ्या उंचीची आहे ही खुर्ची.”

आतून एक उशी आणली. पुरली नाही. दुसरी आणली. गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून तिचा कान आणि स्पीकर एका रेषेत आहेत का ते बघितलं, आणि एक वही आणून उशांखाली सरकवली. पाच वाजून चौदा मिनिटं झाली होती. मी दातओठ खात उभी होते. ताई मात्र हलली नाही. आपलं माप घेऊ दिलं.

सुई तिसऱ्या गाण्यावर टेकली. स्वतः भाऊजी डावीकडच्या स्पीकरच्या मागे जाऊन भिंतीला चिकटून उभे राहिले. तिथे काहीही नीट ऐकू येत नाही. बावीस जण गायले. मी बाकाजवळ होते, मला फक्त एक मोठं सभागृह ऐकू आलं, आणि त्यात कुठेतरी दाबून खोकणारी एक मुलगी. ती मी होते. मग सगळे थांबले.

ताई एकटी गायली. खुर्चीतली ताई डोळे मिटून बसली होती आणि तिचा गळा हलत होता, आवाज न काढता. ओळ संपत आली. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. आणि ती जागा आली. श्वास कमी पडला होता, हो, म्हणूनच ते वळण शेवटी किंचित कापलं, आणि त्या कापण्याने माझ्या अंगावर काटा आला.

गाणं संपलं. ताईने डोळे उघडले, मान वळवून भिंतीशी उभ्या नवऱ्याकडे बघितलं, आणि तिच्या त्या खरखरीत, मोडक्या, शेवटच्या आवाजात विचारलं, “आली का हो?”

“मला इथून ऐकू येत नाही,” भाऊजी म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

साडेपाचला आम्ही निघालो.

या गोष्टीला आठ महिने झाले. ताई बरी आहे. गळ्याशी एक भोक आहे, त्यावर ती रुमाल बांधते, आणि पाटीवर लिहून मला पूर्वीसारखीच झापते. सलूनवाल्याने तबकडी परत घेतली नाही. मात्र तो महिन्यातून एकदा बाकीच्या फुलीवाल्या तबकड्या घेऊन येतो, आणि भाऊजी एकेक पुन्हा ऐकतात. ताईच्या तबकडीवरची फुली मी पुन्हा एकदा पुसायला निघाले होते, तर तिने माझ्या हातावर चापट मारली.

खोलीत आता दोन खुर्च्या आहेत. शेजारी शेजारी. भाऊजींनी जुने ठिपके घासून काढले आणि नवे आठ मारले. मधली नेमकी जागा दोन्ही खुर्च्यांच्या फटीत गेली आहे, त्यामुळे दोघांनाही थोडं थोडं वाकडंच ऐकू येतं. दर रविवारी सकाळी तिसरं गाणं लागतं. ओळ संपते, ते वळण कापतं, आणि ताई मान वळवून त्यांच्याकडे बघते. तिला विचारता येत नाही.

“आली,” भाऊजी म्हणतात.